जादूची मुलगी, वय वर्षे त्रेचाळीस

१७ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ६.१०

नवी डायरी. सुरतेच्या एजंटानं दिलेली. गेल्या वर्षीची आहे, वार खोडून बदलावे लागतील, पण कागद चांगला. पहिल्या पानावर नाव-गाव लिहायची जागा आहे म्हणून लिहितो : शंभुराज, वय ४३, मेन रोड, सेलू. घरात अप्पा, म्हणजे माझे वडील सांबप्पा, पत्नी महेश्वरी आणि मुलगी शिवरंजनी, जी नववीत आहे. साड्यांचं दुकान अप्पांचं आणि माझं.

संकल्प : १) रोज पाच किलोमीटर चालणे. २) रंजूशी रोज अर्धा तास मोकळ्या गप्पा.

रंजू म्हणजे शिवरंजनी. आमचं नातं बाप-लेकीचं नाही, मैत्रीचं आहे. फक्त आजकाल ती कानात वायर घालून खोलीचं दार लावून बसते. त्यामुळे मैत्री दाराबाहेरून करावी लागते.

१८ नोव्हेंबर

चाललो नाही. थंडी. गप्पा झाल्या. मी विचारलं जेवलीस का, ती म्हणाली हो.

२२ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी ४

आज महत्त्वाचा दिवस. रंजूची मैत्रीण साधना आली होती. ही राणीसावरगावची. वडील रायभान शेळ्या-मेंढ्या राखतात. पोरगी इथं मावशीकडं राहून शिकते. दोघी मोबाइलवर काहीतरी बघत होत्या आणि हसून हसून गादीवर लोळत होत्या. मी मैत्रीच्या नात्यानं मधी जाऊन बसलो. हसणं बंद झालं. पण मोबाइल चालू राहिला आणि मी बघितलं.

जपानी कार्टून. शाळकरी मुलगी असते. तिला एक चष्मेवालं कासव भेटतं. कासव म्हणतं, जगावर संकट आलंय, तुला जादूची मुलगी व्हावं लागंल, त्याआधी हा फॉर्म भर. ती भरते. मग ती गोल गोल फिरते, रिबिनी येतात, चांदण्या येतात, शाळेचा ड्रेस जाऊन झालरीचा फ्रॉक येतो. हे चार मिनिटं चालतं. आणि तेवढा वेळ तो राक्षस काय करतो? थांबतो! खुर्ची घेऊन बसतो, चहा पितो, पण मुलीचं पूर्ण होईपर्यंत हात उचलत नाही.

मला भरून आलं. काय ती जपानी शिस्त. राक्षसालासुद्धा स्त्रीचा आदर. पोरी मात्र पुन्हा हसायला लागल्या. मी त्यांना समजावलं की हसण्यासारखं यात काही नाही. मग तर त्या उठून बाहेरच गेल्या.

२६ नोव्हेंबर

दुकानात गल्ल्यावर बसून आठ भाग बघितले. सातव्या भागात कासवाची बदली होते तिथं डोळे पुसले. अप्पांनी विचारलं, कोण गेलं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

योग जुळून येतात म्हणतात ते हेच. शाळेची नोटीस आली. यंदा गॅदरिंगमध्ये प्रत्येक वर्गाचा एक आयटम पालकांसोबत. रंजूनं ती नोटीस दप्तराच्या तळाशी ठेवली होती, बहुतेक सरप्राइज द्यायचं असावं. महेश्वरीला डबा काढताना सापडली.

लगेच शाळेत जाऊन वर्गशिक्षिका राजनंदिनी मॅडमना भेटलो. म्हटलं, लेखन-दिग्दर्शन माझ्याकडं. कॉलेजात एकांकिकेत दुसऱ्या शिपायाचं काम केलेलं आहे हेही सांगितलं. मॅडम म्हणाल्या, दुसरे कोणी पालक अजून पुढं आलेले नाहीत. याचा अर्थ निवड एकमतानं झाली.

२ डिसेंबर

नाटक लिहून झालं. ‘तेजशिखा : एक धगधगती ज्वाला’. शेहेचाळीस पानं. जादूची मुलगी शेवटी अकरा मिनिटांचं भाषण करते. ते मी गोदामात एकट्यानं म्हणून बघितलं. अंगावर काटा आला. (थंडी पण होती.)

मॅडमना दिलं. त्यांनी पानं हातात तोलली आणि वेळ सात मिनिटं आहे म्हणाल्या.

५ डिसेंबर. दुपारी

वर्गात वाचन केलं. तिसऱ्या पानापासून पोरी तोंडावर हात धरून खाली बघायला लागल्या. साधनाचे तर खांदे हलत होते. रडणं आवरायला मुलांना त्रास होतो. मी मुद्दाम थांबलो नाही.

वाचनानंतर मॅडम म्हणाल्या, लेखन मुलीच करतील, तुमच्या लेखनाचा आधार घेऊन. दिग्दर्शनपण मुलीच करतील. मी मार्गदर्शक. पद वाढलं म्हणायचं. दिग्दर्शकाला काम करावं लागतं, मार्गदर्शकाला फक्त मार्ग दाखवायचा.

८ डिसेंबर

मधल्या सुट्टीत मार्ग दाखवायला शाळेत गेलो होतो. निळं जाकीट घातलं होतं, गळ्यात शिट्टी. संध्याकाळी महेश्वरीमार्फत निरोप मिळाला की मी शाळेत येऊ नये. कोणाचा निरोप, हे तिनं सांगितलं नाही. मी विचारलंपण नाही. रंजू जेवायला बसली ती ताट घेऊन पलीकडं.

चालणं : या आठवड्यात शून्य. मन थाऱ्यावर नसताना चाललं की गुडघे जातात, हे कुठंतरी वाचलंय.

११ डिसेंबर, गुरुवार. संध्याकाळी ५

घाईत लिहितोय, अक्षराकडं लक्ष देऊ नये.

दुकानात साधना आली. मागं रंजू, पण ती साड्यांच्या थप्पीकडं तोंड करून उभी. साधनानं सरळ विषय काढला. म्हणाली, ‘काका, जादूच्या मुलीचं काम तुमीच करा. दुसऱ्या कुनाला जमायचं न्हाई.’

मी म्हटलं, मुलीचं? ती म्हणाली, हो, चमकीचं. पोरींनी नाव बदलून चमकी केलंय. साड्यांचा दुकानदार असतो, त्याला कासव भेटतं, फॉर्म भरून घेतं आणि तो चमकी होतो. राक्षस साधना, कासव रंजू. मी विचारलं, ही कल्पना कोणाची. साधनानं रंजूकडं बघितलं. रंजू पैठणीचा पदर बघत होती.

आधी लेखक, मग मार्गदर्शक, आता मुख्य भूमिका. पंधरा दिवसांत एवढी प्रगती कोणाची होत नाही. खरा अभिनय पुरुषाला स्त्रीच्या भूमिकेतच करता येतो. मी हो म्हटलं. जाताना साधना म्हणाली, फकस्त एक करा काका, हसू नका. एकदम सिरियस ऱ्हावा. तिला माझ्या कामातली ताकद कळलीय. पोरगी हुशार आहे.

महेश्वरीला सांगितलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ खोकत होती. अप्पांनी एकच प्रश्न विचारला, फ्रॉक गुडघ्याच्या वर का खाली.

१३ डिसेंबर

खाली ठरला. फिकट गुलाबी सॅटिन, आपल्याच दुकानातलं. नेटची झालर तीन पदरी. फॉल-पिको करणाऱ्या सरजाबाईंकडं टाकला. मी कागदावर दिलेलं कंबरेचं माप त्यांनी वाचलं, टेपवर बघितलं, पुन्हा वाचलं. मग विचारलं, पोरीचं वय काय. मी म्हटलं, माझाच आहे. त्यांनी ‘बरं’ म्हटलं आणि वहीत लिहिलं. अनुभवी बाई.

संकल्प : गॅदरिंगपर्यंत कंबर चार इंच कमी. भात बंद, भजी बंद, गोड बंद.

२० डिसेंबर

काल येळवस, म्हणजे वेळा अमावास्या. शेतात आंबील, भज्जी, उंडे, खिचडी. सणाला नाही म्हटलं की काळ्या आईचा अपमान होतो. तीनदा अपमान टाळला.

सरजाबाईंना फोन करून शिलाईत माया जास्त सोडा म्हटलं.

२७ डिसेंबर, शनिवार

परिवर्तनाचा सराव. वरून माझा नेहमीचा पांढरा झब्बा, आतून फ्रॉक. गोल फिरत दोरी ओढायची, झब्बा सुटून खाली पडतो, चमकी उभी. सात गिरक्या. तिसऱ्या गिरकीला दुकान फिरायला लागलं, पाचव्या गिरकीला मी ब्लाउजपीसच्या थप्पीत. नेमकं वालूरचं लग्नाचं गिऱ्हाईक आत आलं. नवरीच्या आईनं मला उठायला हात दिला. अप्पा त्यांना म्हणाले, नवीन माल बघायलाय.

२ जानेवारी, शुक्रवार

आज पहिल्यांदा पूर्ण तालीम बघितली. म्हणजे माझी पहिली. त्यांच्या आधी बऱ्याच झालेल्या दिसल्या.

माझा आक्षेप : मी गिरक्या घेत असताना साधना राक्षस होऊन खुर्चीवर बसते आणि भुईमुगाच्या शेंगा फोडून खाते. त्यानं प्रसंगाचं गांभीर्य जातं. मी म्हटलं, राक्षसानं हात जोडून उभं राहावं. तेव्हा रंजू बोलली. महिन्याभरात माझ्याशी एवढं पहिल्यांदाच. ‘पप्पा, ते कार्टूनच विनोदी आहे. खऱ्या जादूच्या मुलींच्या मालिका असतात ना, त्यांची टिंगल केलीय त्यात. राक्षस थांबतो, हाच विनोद आहे.’

मी तिला शांतपणे सांगितलं की वरवर बघणाऱ्याला तसं वाटू शकतं. तिनं माझ्याकडं जरा वेळ बघितलं. मग म्हणाली, बरं, तुम्ही तुमचं खरं-खरंच करा. अगदी असंच.

पटलं तिला. बापाशी वाद घालून पटणं यातच मैत्री आहे.

९ जानेवारी, शुक्रवार. सकाळी

उद्या. माझ्या कपाळावरच्या विभूतीचं काय, असं मॅडमनी विचारलं होतं. मी सांगितलं, विभूती राहील. चमकी कोणत्याही घरात जन्मू शकते. कांडी तयार : लाटण्याला चंदेरी कागद. महेश्वरीनं नवं लाटणं आणलंय, म्हणाली, हे आता परत पोळ्याला नको.

भाषण पाठ आहे. अकरा मिनिटांचं कापून दीड केलंय. एकही डोळा कोरडा राहणार नाही.

१० जानेवारी, शनिवार. दुपारी ३

लिहायची इच्छा नाही. लिहितो.

मैदान भरलेलं. पहिल्या रांगेत महेश्वरी आणि अप्पा. त्यांच्याशेजारी साधनाची आई भिवराबाई, पोरीचं काम बघायला सकाळच्या गाडीनं आलेली. कासवाचा फॉर्म भरून झाला. संगीत लागलं. मी गिरकी घेतली आणि दोरी ओढली.

गाठ बसली.

झब्बा अर्धा वर आला आणि डोक्यावर अडकला. दोन्ही हात वर, तोंड झब्ब्यात, खाली फ्रॉकची झालर. दिसत काही नाही. मी काय करावं? संगीत चालू होतं, म्हणून फिरत राहिलो. बाहेर समुद्रासारखा आवाज. फिरता फिरता मला वाटलं आता भाषण सुरू करावं म्हणजे लोकांचं लक्ष दुसरीकडं जाईल. झब्ब्याच्या आतून म्हणालो, हे अंधारा, थांब. आवाज अजून वाढला.

साधना शेंगा खात होती. शेंगा संपल्या. तिनं पहिल्या रांगेला किती वाजले विचारलं. मग खुर्चीवरून उठली, माझ्याजवळ आली, गाठ सोडली, झब्बा काढला, त्याची घडी घातली, माझ्या हातात लाटणं दिलं आणि जागेवर जाऊन उभी राहिली. म्हणाली, ‘झालं का, चमकीबाई? मारा आता.’

मला भाषणाचा एक शब्द आठवेना. समोर सगळं सेलू. भिवराबाई पदरानं डोळे पुसत होती. अप्पा, ज्यांना मी दुकानात चाळीस वर्षांत दात दाखवताना बघितलं नाही, ते वाकून गुडघ्यावर थापा मारत होते. मी लाटणं तसंच धरून विंगेत गेलो, तिथून शाळेच्या जिन्यानं वर, आणि नववीच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसलो. फ्रॉकमध्ये. बाक लहान होता.

थोड्या वेळानं रंजू आली. पाठीवर पुठ्ठ्याचं कवच तसंच. म्हणाली, पप्पा, लोक उभं राहून टाळ्या वाजवायलेत, चला. मी म्हटलं, माझ्यावर हसले ते. ती म्हणाली, तुमच्यावरच हसले, तेच तर पाहिजे होतं. बाहेर पुढच्या आयटमचं गाणं लागलं होतं. ती माझ्याशेजारी बसायला गेली, पण कवचामुळं बसता येईना. तशीच उभी राहिली.

मग म्हणाली, ‘मला लय लाज वाटंल वाटलं होतं. वर्गातल्या सगळ्यांसमोर. न्हाई वाटली.’

माझ्या फ्रॉकची झालर एका बाजूनं उसवली होती. तिनं केसांतली पिन काढून ती लावून दिली. मग आम्ही खाली गेलो.

११ जानेवारी, रविवार. सकाळी ७

शांतपणे विचार केल्यावर लक्षात येतं की काल जे झालं ते अपघात नव्हता. गाठ मीच मारली होती. आतून कुठंतरी मला ठाऊक असलं पाहिजे. मी जन्मजात विनोदी नट आहे आणि हे मला त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं, एवढंच.

पहिला नंबर आला. प्रमाणपत्रावर लेखन-दिग्दर्शन : शिवरंजनी व साधना. माझ्या नावापुढं ‘कापड साहाय्य’. टायपिंगची चूक दिसते, पण यशात मन मोठं ठेवावं. महिनाअखेर परभणीला जिल्ह्याच्या स्पर्धेत जायचंय. तिथून औरंगाबाद, मग मुंबई. चालणं आता फक्त कलेसाठी करणार.

१३ जानेवारी

संक्रांतीची गर्दी. एका बाईनं ओळखलं, ‘चमकी ना?’ म्हणाली. मी दुकानातच एक गिरकी मारून दाखवली. ती साडी न घेता गेली. रंजू आज दुकानात बसली होती तासभर. कानात वायर नव्हती. माझ्याशी बोलली. बरंच. आठवेल तेवढं उद्या लिहीन, आता नवीन विनोद सुचायलेत.

१७ जानेवारी, शनिवार

तालीम. मी भरपूर सुधारणा नेल्या होत्या. गिरक्या बारा. झब्बा मुद्दाम अडकवायचा आणि आतून शिंकायचं. प्रेक्षकांना डोळा मारायचा. लाटणं पायावर पाडून घ्यायचं. एक भुवई वर.

सगळं करून दाखवलं. वर्गात कोणी हसलं नाही. राजनंदिनी मॅडमनी घड्याळ बघितलं. मी म्हटलं, पुन्हा करतो. पुन्हा केलं. पंख्याचा आवाज येत होता.

साधनाला बोलायचं नव्हतं, दिसत होतं. शेवटी म्हणाली, ‘काका, आता तुमी हसवायलाव. पयले तसं नव्हतं.’

रंजूनं तिला गप्प केलं. मला ते जास्त लागलं.

१८ जानेवारी

आरशासमोर सिरियस राहायचा सराव. जमत नाही. आधी किती सोपं होतं.

२० जानेवारी, मंगळवार. दुपारी १२

मॅडमचा फोन. आवाज फार मऊ. स्पर्धेच्या नियमात विद्यार्थी आणि शाळेचे कर्मचारी एवढेच चालतात. बाहेरचे चालत नाहीत. चमकी आता खेळाचे पंडित सर करतील. मी म्हटलं, हो हो, नियम म्हणजे नियम. फ्रॉक तेवढा पाठवा म्हणाल्या. आणि जमलं तर कंबरेत आत घ्या.

सरजाबाईंनी सात इंच आत घेतला. काही विचारलं नाही. अनुभवी बाई.

नियम खरा आहे का, हे मी विचारणार नाही.

३१ जानेवारी, शनिवार. संध्याकाळी ६. सेलूच्या गाडीत

परभणीला जाणार नव्हतो. दुकानात कामं फार. सकाळी रंजूनं विचारलं, पप्पा, येता का. सव्वा मिनिटात तयार झालो.

पंडित सर म्हणजे सहा फूट माणूस, मिशा, पोरं नुसत्या शिट्टीनं सरळ होतात. तो माणूस झब्ब्याच्या आत फ्रॉक घालून स्टेजवर आला आणि कवायतीसारखा गरकन वळला. एक, दोन, एक, दोन. चेहरा असा की परेडची सलामी घेतोय. या वेळी ठरवून गाठ बसली, झब्बा अडकला, आणि सर आतून ओरडले, विश्राम! त्यांना खरंच वाटत होतं की हे शिस्तीचं नाटक आहे. तालमीत त्यांनी पोरींना सांगितलं होतं म्हणे, राक्षस थांबतो हे मला फार आवडलं.

मी हसलो. आधी नाकातून, मग पोट धरून. शेजारच्या अनोळखी माणसाच्या खांद्यावर डोकं ठेवून हसलो. रंजूनं लिहिलेलं किती चांगलं आहे हे मला आज कळलं, कारण आज मी त्यात नव्हतो. कासव फॉर्म तपासतं आणि ‘वडिलांची सही कुठाय’ म्हणतं, ते वाक्य माझ्यासमोर पाच वेळा झालं असेल. मी ऐकलंच नव्हतं. माझ्या संवादाची वाट बघत होतो.

दुसरा नंबर. बाहेर भिवराबाईनं पोरीच्या तोंडावरून हात फिरवला आणि मला म्हणाली, तुमी केलतं ते बी ब्येस होतं. ‘ते बी’ वर ती जरा थांबली.

आता गाडीत पोरी समोर बसून पुढच्या वर्षीचं नाटक लिहायलेत. मी बराच वेळ खिडकीबाहेर बघितलं. मानवत रोड गेल्यावर सहज विचारल्यासारखं विचारलं, त्यात माझ्यासारख्याला काही आहे का. दोघींनी एकमेकींकडं बघितलं. साधना म्हणाली, एक मढं हाय. पयल्या सीनपासून शेवटापर्यंत स्टेजवर असतंय. बोलायचं न्हाई, हलायचं न्हाई.

मी विचारलं, उताणं की कुशीवर.

रंजू हसली. वहीत काहीतरी लिहिलं. मग म्हणाली, पप्पा, उताणं.

१ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ११

आठ वाजता सरावाला हॉलमध्ये उताणा पडलो. श्वास सावकाश, चेहरा निर्विकार, भूमिकेत शिरलो.

महेश्वरी म्हणते, अडीच तास घोरत होतो. तिला झाडायचं होतं. तिनं दोनदा हाक मारली आणि मग माझ्या कडेकडेनं झाडून घेतलं.